मोटारीची बॅटरी : नवी निवडतांना व बसवितांना

बैलाची पारख शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. दांत पाहून तो वय ओळखतो, खूर पाहून चाल ओळखतो, आणि खांद्यावरून हात फिरवून जनावर किती कामाचें हें सांगतो. बाजारांत विकणारा कितीही गोड बोलला तरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय तो दावें हातांत घेत नाहीं. परंतु हाच चतुर मनुष्य मोटारीची बॅटरी घेण्यास तालुक्याच्या गांवीं गेला, म्हणजे दुकानदार जें खोकें पुढें करील तें पत्करून व जो आंकडा सांगेल तो मोजून मुकाट्यानें परत येतो. आतां पुष्कळ खातेदारांच्या दारांत मोटार किंवा जीप, आणि खळ्यांत ट्रॅक्टर उभा असतो. तेव्हां या वस्तूची पारखही आपणांस यावी, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आम्ही यंत्रविद्या शिकलेले नव्हे. शिक्षण मराठी शाळेपुरतें झालें व पुढील आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत नोंदी ताडून पाहण्यांत गेलें. उताऱ्यावर नांव बरोबर असलें तरी गट नंबरांत एका आंकड्याची चूक असेल तर केवढा घोळ होतो, हें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलें आहे. बॅटरीच्या बाबतींत या संवयीचाच आम्हांस उपयोग झाला; आणि एकदां ती संवय आम्हीं वेळेवर वापरली नाहीं, तेव्हां काय झालें तेंही पुढें सांगणार आहों.

बॅटरींत वीज सांठविलेली असते असें आपण बोलतों खरें. पण रांजणांत पाणी असावें तशी ती तेथें नसते. १८५९ सालीं फ्रान्स देशांतील गास्तों प्लांते या शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लाच्या पाण्यांत बुडवून जी युक्ति काढली, तिचेंच सुधारलेलें रूप आजही आपल्या मोटारींत आहे. खोक्यांत सहा कप्पे असतात. प्रत्येकांत शिशाच्या प्लेटा ॲसिडाच्या पाण्यांत उभ्या असतात व प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब देतो. असे सहा कप्पे मिळून बारा व्होल्टांची बॅटरी होते. बॅटरी वापरली जाते तेव्हां ॲसिडांतील गंधकाचा अंश प्लेटांवर बसतो व आंतील पाण्याचा कस कमी होत जातो. इंजिन चालूं लागलें कीं अल्टरनेटर उलट वीज घालून तो अंश पुन्हां पाण्यांत आणतो. हें जाणें-येणें चालू असेंपर्यंत बॅटरी जिवंत. मात्र उतरलेली बॅटरी कित्येक दिवस तशीच पडून राहिली तर प्लेटांवरील थर खड्यासारखा घट्ट होतो, व मग तो सहसा परत फिरत नाहीं. आमच्या पाहण्यांत तरी बॅटऱ्या वयानें मरतात त्याहून अधिक अशा उपासमारीनें मरतात.

बॅटरीचें मुख्य काम सेल्फ फिरविण्याचें. १९१२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅक मोटारीस बसविण्यांत आला. त्यापूर्वीं पुढें उभें राहून हँडल मारावें लागे, व तें उलट फिरून मनगट मोडल्याच्या गोष्टी सर्वत्र ऐकूं येत. सेल्फ फिरतो तो कांहीं क्षणच. पण त्या क्षणांत लहान पेट्रोल मोटारही शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढते, आणि डिझेल इंजिनास, आंतील दाब मोठा असल्यामुळें, त्याहून पुष्कळ अधिक लागतो. दिवे लागतात, भोंगा वाजतो, म्हणून बॅटरी चांगली, असें अनुमान यामुळेंच फसतें. दिव्यास लागणारी शक्ति आणि सेल्फास लागणारी शक्ति यांत, कळशी उचलणें व मोट ओढणें यांत असावा इतका फरक आहे.

उपासमारीनंतर बॅटरीचा दुसरा शत्रु म्हणजे ऊन. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं आंतील झीज सुमारें दुप्पट होते, असा ठोकळ नियम आहे. जळगांव-चंद्रपुराकडे उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि बॉनेटाखालीं तर त्याहूनही अधिक ताप असतो. म्हणून थंड मुलखांत पांच-सहा वर्षें चालणारी बॅटरी आपणांकडे तीन-चार वर्षांतच थकते. मौज अशी कीं ती थकल्याचें कळतें मात्र थंडींत. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात अशा पहांटे ॲसिडाचें काम मंदावतें, इंजिनांतील ऑइल घट्ट होतें, आणि सेल्फ अडून बसतो. लोक थंडीस दोष देतात. घाव उन्हाळ्यानें आधींच घातलेला असतो. यास्तव तीन वर्षें पुरी झालेल्या बॅटरीची परीक्षा दरसाल दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी हें बरें.

आतां आमची हकीगत. सन २०१८ च्या डिसेंबर महिन्यांत एके दिवशीं पहांटे तीनच्या सुमारास आमच्या मातोश्रींच्या छातींत कळ येऊं लागली. दवाखाना सोळा किलोमीटर दूर. मोटार दारांत उभी होती. पण किल्ली फिरविली तर आंतून नुसता टक-टक-टक असा आवाज येई व समोरचे दिवे मिणमिणत. चौघांनीं ढकलून पाहिलें, परंतु अंगणापुढें चढ. शेवटीं शेजारच्या वस्तीवरील भाजीपाल्याचा पिकअप आणवून त्यांत मातोश्रींस नेलें. या खटपटींत पाऊण तास गेला. मातोश्री वांचल्या, आज त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. परंतु डॉक्टरांनीं ‘आणखी उशीर झाला असता तर’ एवढेंच बोलून वाक्य अर्धें सोडलें, तें आम्हांस अद्याप ऐकूं येतें.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही पेठेंतील एका दुकानांत गेलों. दुकानदारानें बॅटरीस कसलेंही यंत्र न लावतां ‘गेली’ असा निकाल दिला. ती अवघी वीस महिन्यांची होती. तिचें हमीचें कार्ड घरीं पेटींत असून तेंही आम्हांस सुचलें नाहीं. नवी घेतली, जुनी मोडींत दिली. अकराव्या दिवशीं मोटारीनें पुन्हां तोच टक-टक आवाज दिला. तेव्हां गांवांतील एका वृद्ध वायरमननें बॅटरीस हात न लावतां, तिच्या ऋण टोंकापासून बॉडीकडे जाणारी जाड तार बोटांनीं चाचपली. बॉडीस जेथें ती बोल्टानें आवळलेली होती तेथें गंजाचा व मातीचा थर बसला होता, आणि तार नुसती टेकलेली राहिली होती. बोल्ट सोडून, जागा चकचकीत घांसून, पुन्हां आवळण्यास त्यास दहा मिनिटें लागलीं. हयात दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यांत घालविलेल्या आम्हीं स्वतःच्या दारांतील वस्तु तपासली नाहीं, याची फार लाज वाटली. पैसा गेला तो गेलाच. पण खरा दोष दहा दिवस तसाच राहिला होता, व त्या दहा दिवसांत मातोश्रींस पुन्हां कळ आली असती तर नव्या बॅटरीचा कांहींएक उपयोग नव्हता.

म्हणून नवी घेण्यापूर्वीं जुनी खरोखर मेली आहे काय, हें पाहणें हाच पहिला धडा. विजेच्या सामानाच्या दुकानांत साधा मल्टिमीटर थोडक्या पैशांत मिळतो. तो प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानें घरीं ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं, इंजिन चालू करण्यापूर्वीं, त्याचीं दोन टोंकें बॅटरीच्या दोन टर्मिनलांस लावावीं. १२.६ किंवा अधिक व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ वा त्याहून कमी म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र रिकामी म्हणजे मेलेली नव्हे, हें विसरूं नये. ती उतरवून गॅरेजवाल्याकडे सावकाश चार्ज करवावी. जितके तिचे अँपिअर-तास असतील त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह रात्रभर घातला म्हणजे साधारण पुरे होतो. नंतर एक दिवस तशीच ठेवून पुन्हां मोजावें. आंकडा १२.५ च्या आसपास टिकला तर बॅटरींत जीव आहे, आणि चोर दुसरीकडे शोधला पाहिजे. आपोआप खालीं घसरला तर तिची आशा सोडावी. चार्ज करूनही आंकडा साडेदहाच्या आसपासच अडून राहिला तर सहांपैकीं एक कप्पा बसला आहे असें समजावें; त्यास औषध नाहीं.

दुसरी परीक्षा सेल्फ मारतांना करावयाची. एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा दाब सेल्फाच्या ओझ्याखालीं ९.६ व्होल्टांच्या खालीं जाऊं लागला तर ती दुबळी झाली आहे. त्याच वेळीं मीटरचें एक टोंक ऋण टर्मिनलावर व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावें. येथें मीटर जवळजवळ शून्य दाखवील; अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवूं लागला तर दोष बॅटरीचा नसून त्या वाटेवरील तारेचा किंवा सांध्याचा आहे. ही एक परीक्षा आम्हांस तेव्हां ठाऊक असती तर वरील हकीगत लिहिण्याचा प्रसंग न येता. शेवटीं इंजिन चालू करून पुन्हां टर्मिनलांवर पाहावें. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आंकडा हवा. तो बारा-साडेबारावरच राहिला तर अल्टरनेटर काम करीत नाहीं किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. अशा गाडींत नवी बॅटरी घातली तर तीही चार दिवसांत उतरेल. पंधराच्या वर गेला तर उलट बॅटरी उकळते आहे; पाणी वारंवार आटण्याचें हें एक कारण असतें.

ज्या बॅटऱ्यांस वर बुचें असतात त्यांचा कस हायड्रोमीटरनेंही पाहतां येतो. आपल्या उष्ण हवेंत भरलेल्या बॅटरीच्या ॲसिडाचें विशिष्ट गुरुत्व १.२५ च्या जवळपास असतें. पांच कप्पे सारखे आणि एकच फार खालीं दिसला, तर तो एक कप्पा साऱ्या बॅटरीस बुडवितो आहे.

परीक्षेअंतीं बॅटरी खरोखर मेली असें ठरलें म्हणजे दुकानाची पायरी चढावी. आणि चढतांना जुन्या बॅटरीवरील सर्व अक्षरें व आंकडे एका कागदावर उतरून न्यावेत. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेशीं ते ताडून घ्यावेत, कारण मधल्या मालकानें भलतीच बॅटरी बसविलेली असण्याचा संभव असतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं जुनी जीप घेतली तेव्हां तींत असाच प्रकार निघाला होता.

प्रथम शक्ति. तिचें माप अँपिअर-तास. खोक्यावर तें ए.एच. या अक्षरांनीं लिहितात. लहान पेट्रोल मोटारीस साधारण ३५, डिझेल मोटारीस व जीपेस ६० ते ७०, आणि ट्रॅक्टरास ७५ ते १०० पर्यंत लागते. ३५ अँपिअर-तास याचा अर्थ, पावणेदोन अँपिअरचा प्रवाह वीस तास पुरेल इतकी सांठवण. पुस्तिकेंत सांगितल्यापेक्षां किंचित् मोठी बॅटरी, ती जागेंत नीट बसत असेल तर, चालते. लहान मात्र कधींही घेऊं नये. स्वस्त पडते म्हणून डिझेल गाडीस लहान बॅटरी घालणें म्हणजे चार बैलांच्या नांगरास दोन जुंपणें होय. खोक्यावर सी.सी.ए. असाही एक आंकडा असतो. शून्याखालीं अठरा अंश थंडींत बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देऊं शकेल, त्याचा तो आंकडा. तसली थंडी महाराष्ट्रांत कोठेंच पडत नाहीं. तरी दोन सारख्या बॅटऱ्यांत ज्याचा हा आंकडा मोठा तिचा सेल्फ मारण्याचा जोर अधिक, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

नंतर आकार व टर्मिनलांची जागा. येथेंच पुष्कळ लोक फसतात. जपानी पद्धतीच्या बॅटरीवर ‘५५ बी २४ एल’ अशा तऱ्हेची खूण असते. पहिला आंकडा जोराचा. मधलें अक्षर रुंदी-उंचीचें. २४ हा लांबीचा, सेंटिमीटरांत. आणि शेवटचें एल किंवा आर हें अक्षर धन टर्मिनल कोणत्या बाजूस आहे तें सांगतें. पहिलीं सर्व अक्षरें जुळून शेवटचें एक चुकलें, तर बॅटरी जागेवर फिट्ट बसते पण तार टर्मिनलापर्यंत पोहोंचत नाहीं. गट नंबरांतील एका आंकड्याच्या चुकीची आम्हांस येथें आठवण होते. अशा वेळीं ताणून-वांकवून जोडण्याचा, किंवा घाईंत उलट जोडण्याचा मोह होतो. उलट जोडली तर क्षणांत फ्यूज जळतात, आणि अल्टरनेटरही जाण्याचा संभव असतो. टर्मिनलांची जाडीही पाहावी. लहान मोटारींच्या बॅटरींत तीं बारीक असतात व मोठ्या बॅटरींत जाड. युरोपी धर्तीच्या कित्येक मोटारींत बुटकी व खोलगट टर्मिनलांची बॅटरी असते; तींत दुसरी बसत नाहीं.

प्रकार कोणता घ्यावा, याविषयीं थोडेंसें. बुचें काढून पाणी घालतां येतें ती जुन्या तऱ्हेची बॅटरी ज्यास दरमहा पाहण्याची शिस्त आहे त्यास उत्तम, व ट्रॅक्टरास आम्हांस तीच आवडते. ज्यास ती शिस्त नाहीं त्यानें बंद, बिनदेखभालीची घ्यावी. अलीकडे कांहीं मोटारींत थांबतांच इंजिन आपोआप बंद होतें व क्लच दाबतांच पुन्हां चालू होतें. त्यांस ई.एफ.बी. किंवा ए.जी.एम. नांवाची विशेष बॅटरी लागते. ती महाग असते, म्हणून दुकानदार साधी सुचवितो. तें ऐकूं नये. दिवसांतून पन्नास वेळां सेल्फ मारण्याचें काम साध्या बॅटरीस फार दिवस झेपत नाहीं.

आतां तारीख. बॅटरी दुकानांत पडूनही उतरत असते. भरून आलेली बॅटरी तयार होऊन तीन महिन्यांहून अधिक काळ झाला असेल तर ती आम्ही घेत नाहीं. तारीख बहुधा सरळ लिहिलेली नसून अक्षरांच्या संकेतांत छापलेली असते, आणि प्रत्येक कारखान्याचा संकेत निराळा. दुकानदारास तो येतो. त्याच्याकडून वाचवून घ्यावा आणि पावतीवर लिहवून घ्यावा. वाचण्यास तो कांकूं करील तर दुसरें दुकान पाहावें. आपला मल्टिमीटर बरोबर न्यावा व तेथेंच लावावा, १२.४ पेक्षां कमी दिसल्यास दुसरी मागावी. दुकानदारास राग येतो, येऊं द्यावा.

हमीचें कार्डही वाचण्यासारखें असतें. त्यावर ‘१८ अधिक १८’ अशा तऱ्हेचे महिने असतात. पहिल्या अठरांत बॅटरी बिघडली तर नवी फुकट, आणि पुढील अठरांत किंमतींत कांहीं सूट, असा त्याचा अर्थ. छत्तीस महिने फुकट असा नव्हे. हमी कोणत्या वाहनासाठीं आहे तेंही त्यावर असतें. मोटारीची बॅटरी ट्रॅक्टरांत घालून बिघडली तर तक्रार चालण्याची आशा धरूं नये. कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक व गाडीचा नंबर हीं चारही आपल्यासमक्ष भरून घ्यावींत. अनुक्रमांक खोक्यावरील आंकड्याशीं अक्षर अन् अक्षर ताडावा.

बसविण्याचें काम घरीं सहज होण्यासारखें आहे. मात्र तें मोकळ्या हवेंत करावें. चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेटतो. जवळ बिडी, काडी, दिवा असूं नये. हातांतील आंगठी, कडें, घड्याळ काढून ठेवावें. पान्याप्रमाणेंच त्यांतूनही वीज वाहते आणि कातडी भाजते. जुनीं जाडीं कपडे घालावींत, कारण ॲसिडाचा थेंब सुती कापडास भोंक पाडतो. डोळ्यांत थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा मिनिटें सतत धुवावें व लगेच डॉक्टरांकडे जावें.

इंजिन बंद करावें, सर्व दिवे बंद करावेत, किल्ली काढून खिशांत ठेवावी. किल्ली आंत राहून दारें लागलीं तर बॅटरीवांचून तीं उघडण्याची पंचाईत पडते. नंतर पहिल्यानें ऋण टर्मिनलाची तार सोडावी, मागाहून धन टर्मिनलाची. हा क्रम लोक पाठ करतात, पण त्याचें कारण ठाऊक नसल्यामुळें ऐन वेळीं विसरतात. मोटारीची सारी लोखंडी बॉडी ऋण टोंकास जोडलेली असते. धन टर्मिनल सोडतांना पाना चुकून बॉडीस टेकला, आणि ऋण तार अद्याप लागलेली असली, तर पान्यांतूनच सारा प्रवाह धांवतो. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात, व वायु सांचलेला असल्यास बॅटरी फुटते. ऋण तार आधीं सुटलेली असली तर पाना बॉडीस कितीही टेकला तरी कांहीं होत नाहीं. म्हणजे नियम खरा असा कीं, बॉडीकडे जाणारी तार आधीं सोडावी आणि सर्वांत शेवटीं जोडावी. १९४६ ते १९५६ या काळांत इंग्लंडांत तयार झालेल्या लहान करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांत धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तसला ट्रॅक्टर कोणी हौसेनें जपून ठेवला असेल तर त्यानें हा क्रम उलट समजावा.

बॅटरी आवळणारी पट्टी काढून बॅटरी उचलतांना ती आडवी होऊं देऊं नये. लहान मोटारीची आठदहा किलो भरते, ट्रॅक्टरची वीस किलोंच्या वर; ती दोघांनीं उचलावी. खालच्या तबकांत पांढरा-हिरवा बुरा सांचलेला असतो. पेलाभर पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यानें तबक धुवावें. फेंस येणें थांबलें म्हणजे ॲसिड मेलें. मग साध्या पाण्यानें धुवून कोरडें करावें. तारांच्या टोंकांचे चाप आंतून तारेच्या ब्रशानें किंवा पॉलिश कागदानें धातु चमकेपर्यंत घांसावेत. आणि याच वेळीं ऋण तारेचें दुसरें टोंक, बॉडीकडील, तेंही सोडून घांसून आवळावें. आम्ही हें सांगितल्यावांचून कसे राहूं?

नवी बॅटरी तबकांत ठेवून आवळपट्टी घट्ट करावी. ढिली राहिली तर हादऱ्यांनीं आंतील प्लेटा निखळतात. नांगरटीच्या ट्रॅक्टरांत बॅटरी लवकर मरण्याचें हें मोठें कारण आहे. नंतर धन तार, व शेवटीं ऋण तार. धन टर्मिनल ऋणापेक्षां मुद्दामच थोडें जाड केलेलें असतें, त्यामुळें चाप सहज न बसल्यास थांबून खूण पुन्हां पाहावी. चाप हातोडीनें ठोकूं नये. शिसें मऊ असतें व टर्मिनल मुळापासून हलून गळूं लागतें. हातानें पिळून फिरणार नाहीं इतकाच आवळावा. वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. मग इंजिन चालू करून मीटर लावावा, १३.८ ते १४.५ दिसले म्हणजे काम पुरें झालें. घड्याळ व रेडिओ पुन्हां लावून घ्यावे लागतील.

बुचांच्या बॅटरींत दरमहा पाण्याची पातळी पाहावी. उन्हाळ्यांत पंधरा दिवसांनीं. पाणी डिस्टिल्डच घालावें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी, तें पिण्यास कितीही गोड असो, त्यांतील क्षार प्लेटांस बाधतात. कमी झालेलें असतें तें पाणी, ॲसिड नव्हे. म्हणून ॲसिड कधींही घालूं नये.

उभ्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. किल्ली काढलेली असली तरी आजच्या मोटारींत घड्याळ, कुलूप व इतर यंत्रें थोडी वीज खातच असतात. हा खर्च एका अँपिअरच्या विसाव्या भागाइतका धरला तरी चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास होतो, आणि तीस दिवसांत ३६. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर न चालविलेल्या मोटारींत पार रिकामी होते. सुगी संपल्यावर ट्रॅक्टर खळ्यांत झांकून ठेवतांना, किंवा घरचे सारे परगांवीं जातांना, ऋण तार सोडून ठेवावी, आणि महिन्या दोन महिन्यांनीं बॅटरी चार्ज करवावी. नुसतें इंजिन पांच मिनिटें चालू करून बंद करणें हा उपाय नव्हे. सेल्फानें खाल्लेली वीज पुरती भरून येण्यासही अर्धा तास गाडी चालवावी लागते.

राहिली जुनी बॅटरी. तिच्यांतील शिशास चांगला भाव असतो, म्हणून फिरता भंगारवाला दारावर येऊन चार पैसे अधिक देऊं करतो. तो ती गांवाबाहेर फोडतो, ॲसिड ओढ्यांत ओततो व शिसें चुलीवर वितळवितो. त्या धुराचें व मातींतील शिशाचें विष लहान मुलांच्या मेंदूस बाधतें, आणि एकदां जमिनींत उतरलेलें शिसें पिढ्यान् पिढ्या तेथेंच राहतें. बॅटरी घरींही कोपऱ्यांत टाकून ठेवूं नये. २००१ सालच्या नियमांपासून जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत देण्याची पद्धत घालून दिलेली आहे, आणि त्यांच्या जागीं ऑगस्ट २०२२ मध्यें आलेल्या नव्या नियमांनीं ती गोळा करून शिसें पुन्हां उपयोगांत आणण्याची जबाबदारी कारखानदारांवर टाकली आहे. नवी घेतांना जुनी त्याच दुकानांत द्यावी, आणि तिची वजावट किंमतींतून परभारें न होऊं देतां पावतीवर वेगळ्या ओळींत लिहवून घ्यावी.